देवीला अर्धंच सांगितलं

आमच्या घरात गोळी बंद करायचं ठरलं तेव्हा ते मला विचारून ठरलं नाही, डॉक्टरला विचारून ठरलं नाही की मुलाला विचारून ठरलं नाही. आमच्या ह्यांनी परस्पर देवीला विचारलं. शेजाऱ्याचं ऐकून केलं असतं तर मी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन त्याचे वाभाडे काढले असते. देवीच्या अंगणात जाऊन काय म्हणून भांडायचं? नवऱ्याने माझी अशी कोंडी आजवर केली नव्हती, आणि केल्या होत्या त्या काही थोड्या नव्हत्या.

मी सुमंगला. आमचा गाव पेडण्याहून आत, तुयेच्या बाजूला. आमचे हे म्हणजे बाबली, पण गावात सगळे बाबलीबुवा म्हणतात. तुयेच्या एका कारखान्यात जन्मभर खोकी बांधण्याचं काम केलं, त्याबद्दल त्यांना कोणी कधी हाक मारली नाही. हाक मारली ती गळ्याबद्दल. कार्तिकात देवळात भजनी सप्ताह बसतो. प्रत्येक वाड्याची गायची पाळी ठरलेली असते, तिला आम्ही पार म्हणतो. आमच्या वाड्याचा पार दुपारच्या आरतीनंतरचा, आणि तो सगळा ह्यांच्या गळ्यावर उभा. हे शेवटची भैरवी उचलतात तेव्हा प्रसादाच्या रांगेतली माणसंसुद्धा पानं खाली ठेवून ऐकतात. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर ह्या गळ्याने मला आयुष्यात अतिशय छळलं आहे.

ह्यांचं प्रेशर ह्यांच्यासारखंच हट्टी. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, जेवणातलं मीठ कमी केलं, सुकी मासळी मी स्वतः शेजारणीला देऊन टाकली, तरी मशीनवरचा आकडा खाली यायला तयार नाही. शेवटी एका शुक्रवारी मी ह्यांना म्हापशाला डॉक्टर कोमलकडे घेऊन गेले. शुक्रवार मुद्दाम निवडला, म्हणजे बाजार म्हणून निघतील आणि दवाखान्यात पोचल्यावरच कळेल. पिशवीत कांदे, एका हातात नारळाच्या काथ्याची दोरी, अशा थाटात हे डॉक्टरांसमोर बसले.

डॉक्टर कोमल मुलीच्या वयाची, पण समजावते छान. म्हणाली, काकी, ह्या तीन गोळ्या खालची कामं करतात, एक रक्तवाहिन्या सैल सोडते, एक जास्तीचं मीठपाणी बाहेर काढते, पण काकांच्या अंगाला हुकूमच वरून येतोय. वरून म्हणजे मेंदूतून. मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, तिथून मज्जातंतू निघून हृदयापर्यंत आणि अंगभरच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. माणूस घाबरला किंवा चिडला की तिथून हुकूम सुटतो, हृदयाने जोरात चालायचं, वाहिन्यांनी आवळून घ्यायचं. समोर साप आला तर हे बरंच असतं. पण काही जणांचा हुकूम साप नसतानाही चालूच राहतो.

"ह्यांचो तर पाव उशिरा इलो तरी सुटता," मी म्हटलं.

डॉक्टर हसली. हे हसले नाहीत. तिने एक नवी गोळी लिहून दिली, मुगाच्या डाळीपेक्षा जराशी मोठी. ही गोळी थेट मेंदूतल्या त्या जागेवर काम करते आणि हुकूम सोडणाऱ्यालाच जरा गप्प बसवते, असं ती म्हणाली. मी मनात म्हटलं, मला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते ह्या एवढ्याशा गोळीला जमणार असेल तर मी तिला हळदकुंकू लावीन.

मग तिने बोट वर करून दोनदा बजावलं. ही गोळी एकाएकी बंद करायची नाही. कमी करायची झाली तर माझ्या सांगण्याने, हळूहळू. काका, विहिरीच्या पाण्यात नारळ हाताने दाबून धरला आणि पटकन हात काढला तर काय होतं? नारळ होता तिथे येऊन थांबत नाही, पाण्याच्या वर उडी मारतो. तसं तुमचं प्रेशर उडी मारेल. हे मान डोलावत होते. भजनात ठेका धरल्यासारखी मान डोलावत होते, त्यावरूनच मला कळायला हवं होतं की हे ऐकत नाहीत.

गोळीने काम केलं. आकडा उतरला, आणि माणूसही उतरला. पदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत अर्धा तास उशिरा आला तरी हे बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसून "येयत, येयत, वाटेत हवा गेली आसतली" म्हणायचे. भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवणं बंद. दुपारी डुलक्या. पहिले काही दिवस मला सणासारखं वाटलं. पुढे चुकल्यासारखं वाटू लागलं, कारण भांडायला तेवढ्या तोलाचा माणूसच घरात उरला नाही.

आणि मग तोंड सुकायला लागलं. डॉक्टरने तेही सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि ज्याचा जन्म तोंडावर चाललाय त्याचं तोंड सुकणं वेगळं. जीभ टाळूला चिकटायची. नारायणाच्या घरी तालीम असायची, हा नारायण म्हणजे पेटी वाजवणारा आणि गावाला फुकट सल्ले देणारा. तिथून हे परत यायचे ते पडलेल्या चेहऱ्याने. तान घ्यायला जावं तर घशातून खरवडल्यासारखा आवाज. मी खडीसाखर दिली, लवंग दिली, पाण्याचा तांब्या बरोबर दिला. तर म्हणे, "बुवा मध्येच तांब्याक तोंड लावता, लोक काय म्हणतले? दारू घेऊन इलो म्हणतले."

मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, घोट घोट पाणी पिऊ दे, सप्ताह झाला की घेऊन या, मी गोळी हळूहळू उतरवून दुसरी बघते. सरळ साधी गोष्ट. सप्ताहाला पंधरवडा राहिला होता. पण सरळ साध्या गोष्टी आमच्या घरात उंबऱ्याबाहेरच अडतात.

त्या सोमवारी हे नारळ, फुलं घेऊन नारायणाबरोबर देवळात गेले. मी म्हटलं, जाऊ दे, सप्ताह जवळ आलाय, भक्ती दाटून आली असेल. आले ते खुशीत. तांदळाची भाकरी दोन जास्त खाल्ली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून आवाज यायला लागला, आधी गुणगुण, मग चांगली मोकळी तान. मी चुलीपाशी बसून ऐकत राहिले. तोंडाला सवय झाली असेल गोळीची, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. तो आवाज परत येईल की नाही ह्याची धास्ती मलाही होतीच.

बुधवारी सकाळी पदेर आला, आणि ह्यांनी बाल्कांवातून त्याच्या अंगावर असा आवाज चढवला की तो बिचारा उंडे पाव मोजता मोजता थांबला. मी बाहेर येऊन बघते तर तोंड लालबुंद, कपाळावर घाम, हात थरथरतायत. डोकं फुटतंय म्हणाले. मशीन लावलं. वरचा आकडा दोनशे तीसच्या पुढे गेला. मशीन बिघडलं म्हणून मी माझ्या दंडाला लावून बघितलं, माझं ठीक होतं. पुन्हा ह्यांना लावलं, तेच.

"गोळी घेतल्यात?" मी विचारलं.

हे दंडावरचा मशीनचा पट्टा सोडवायला लागले.

"अवो, माझ्याकडे बघा. गोळी घेतल्यात काय?"

"बंद केलंय," हे म्हणाले. "सोमवारपासून. देवीन सांगल्यान."

मला क्षणभर कळेचना की ओरडू की रडू. ओरडलेच. आमच्याकडे देवीचा प्रसाद घेतात तो असा, गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवीपुढे गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि मग सगळे हात जोडून थांबतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्नं, घराच्या पायऱ्या, कोर्टाची भांडणं, सगळं ह्या पाकळ्यांवर ठरलेलं मी पाहिलं आहे, आणि माझा त्यावर विश्वास नाही असंही नाही. माझं स्वतःचं लग्न उजव्या पाकळीनेच ठरलं. त्या सकाळी मात्र मला त्या पाकळीबद्दलही थोडी शंका आली.

साईश, आमचा मुलगा, तुयेला कामावर निघालाच होता. त्याने गाडी वळवली. कोलवाळच्या पुलावर हे म्हणाले की डाव्या डोळ्यासमोर धुरकट दिसतंय. साईशने हॉर्न दाबून धरला. मी ह्यांचा हात धरून बसले होते आणि तोंडाने शिव्या देत होते, कारण शिव्या थांबवल्या असत्या तर आतलं काहीतरी फुटलं असतं.

म्हापशाला इस्पितळात लगेच आत घेतलं. डॉक्टर कोमल धावत आली. दोन दिवस ठेवलं, तीच गोळी परत चालू केली, आकडा हळूहळू खाली आणला. डोळा सुधारला. घरी सोडताना तिने ह्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि ह्या वेळी हसली नाही. म्हणाली, काका, ह्या वेळी निभावलं. पुन्हा अशी एकदम सोडलीत आणि मेंदूतली एखादी वाहिनी फुटली, तर गाण्याचं सोडा, 'सुमंगला' एवढं नाव घ्यायलाही जीभ वळणार नाही. संध्याकाळची गोळी संध्याकाळीच. हे पुन्हा मान डोलावू लागले. मी म्हटलं, डॉक्टर, मान बघू नका, ती ठेक्यात हलते.

शुक्रवारी दुपारी घरी आलो. सकाळची गोळी इस्पितळातच झाली होती. संध्याकाळची मी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती, डबीवर माझा विश्वास उरला नव्हता. जेवण झाल्यावर मी सहज म्हणून सांगितलं, सहा वाजता गोळी.

"मी खावचंय नाय," हे म्हणाले. अगदी शांतपणे.

"इस्पितळात खाल्लात ती?"

"थंय माका इचारूक नाय कोणी. सुई टोचली, तोंडात घातली. हय मी देवीच्या शिवेत आसंय. एकदा तिचो प्रसाद घेतलो तो घेतलो."

साईश चिडला, बापाला म्हणाला, "बाबा, देवीन तुमका मरूक सांगूक नाय." हे त्याच्याकडे न बघता भिंतीवर टांगलेल्या टाळांकडे बघत राहिले. मी साईशला बाहेर पाठवलं. हे माझं भांडण होतं.

मी सगळं केलं. समजावलं, धमकावलं, माहेरी जाईन म्हटलं. माझं माहेर डिचोलीला, तिथे भाऊ आहेत, वहिन्या आहेत, आणि मी तिथे गेले तर ते चौथ्या दिवशी मला परत आणून सोडतील हे ह्यांना पक्कं माहीत, म्हणून धमकी फुकट गेली. शेवटी मी दमून म्हटलं, "एक वर्स नाय गायलात तर काय आभाळ पडतला?"

तेव्हा हे माझ्याकडे वळले. "आभाळ पडूचा नाय," म्हणाले. "पण भजन काढून घेतल्यार मी कोण गो? खोकी बांधणारो बाबली? ता कोणाक व्हया?"

मी गाठीतली गोळी चाचपली आणि चपला घातल्या.

"खंय चल्लंस?"

"जिना सांगल्यान, तिकाच इचारूक. तुमी पण येवा. मागसून 'माका ठावक नव्हता' नको."

शंभू गुरव देवळामागे फुलझाडांना पाणी घालत होता. त्याला सगळं सांगितलं. तो आधी डोकं हलवायला लागला. "वयनी, एकदा दिलेलो प्रसाद परत मागूक येणा नाय. देवी तोच प्रश्न दोनदा घेणा नाय."

"मगे माका सांगा, त्या दिसा प्रश्न काय घातलेलो?"

शंभूला गाऱ्हाणं तोंडपाठ. त्याने डोळे मिटून म्हणूनच दाखवलं. हे बाय, तुझ्या सेवेक उभो रवणारो तुझो लेकरू बाबली, त्याच्या सेवेआड एक वस्तू येता हा, ती तेचो गळो धरता हा, तर ती वस्तू चालू ठेवची काय, ठेवची आसल्यार उजवो दी. आणि पडली ती डावी.

"वस्तू!" मी म्हटलं. माझा आवाज देवळाच्या चौकात घुमला. तोवर नारायणही येऊन टेकला होता, तो दोन पावलं मागे सरकला. "वस्तू? गोळी म्हणूक नाय, प्रेशर म्हणूक नाय, डॉक्टरीण म्हणूक नाय? सेवेआड येणारी वस्तू चालू ठेव म्हणान खंयची देवी सांगतली?"

हे खांबाला टेकून उभे होते. "देवीक सगळा कळता," पुटपुटले.

"कळता तर मगे इचारूक कित्याक गेल्यात? इचारतात तर धड सगळा इचारा! अर्धा सांगून कौल घेवचो, ह्यो काय न्याय?"

शंभू कधी माझ्याकडे, कधी मूर्तीकडे बघत होता. मग त्याने सुस्कारा सोडला. "खरा आसा," म्हणाला. "प्रश्न अपुरो होतो. पुरो प्रश्न म्हणजे नवो प्रश्न. लावतंय पाकळी. पण गाऱ्हाणा कोण घालतलो? माका ता डॉक्टरी काय सांगूक येणा नाय."

"मी घालतंय."

बायकांनी असं स्वतः उभं राहून गाऱ्हाणं घालण्याची आमच्याकडे रीत नाही. नारायणाने तोंड उघडलं, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने ते मिटलं. शंभू म्हणाला, "घाल. तिका काय, तिका सगळ्यांची भाषा कळता."

त्याने पाकळ्या भिजवून मूर्तीवर लावल्या, दोन्ही खांद्यांवर. समईची वात वर सारली. संध्याकाळचं पिवळं ऊन चौकात तिरपं आलं होतं. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिले, पदर खांद्यावरून घेतला आणि सुरू केलं. शब्दांची मला कधी टंचाई पडलेली नाही.

"हे बाय माझे, गेल्या सोमवारी तुका ह्यांनी अर्धा सांगलेनी, आता मी पुरा सांगतंय. ह्यांच्या अंगात प्रेशर आसा. ता मेंदूतसून सुटता. डॉक्टरणीन त्याच्यार गोळी दिल्यान, ती त्या हुकूमाक आवरून धरता. तिना तोंड सुकता, ता खरा. पण ती एकदम सोडल्यार प्रेशर उडी मारता. बुधवारी मारल्यान. कोलवाळच्या पुलार ह्यांचो डोळो गेलेलो, बाय. मी हात धरून बसलेलंय. हात थंडगार होतो. मी शिवयो घाली होतंय, कारण माका..."

आणि तिथे मी थांबले. पुढचं वाक्य माझ्याकडे होतं, पण ते बाहेर येईना. जीभ टाळूला चिकटली. घसा असा कोरडा पडला की गिळता येईना. डॉक्टरणीने सांगितलेलं मला तेव्हा आठवलं नाही, नंतर आठवलं. भीती वाटली की वरून हुकूम सुटतात, आणि साऱ्या अंगातलं पाणी कुठल्या कुठे पळतं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की अख्ख्या आयुष्यात जिचं तोंड बंद पडलं नाही ती मी देवीसमोर मुकी होऊन उभी आहे, आणि मागे नारायण आहे, शंभू आहे, आणि हे आहेत. मी ओठांवरून जीभ फिरवली, ती लाकडाची झाली होती. मला ह्यांचा भयंकर राग आला होता आणि हे मरतील म्हणून मी भयंकर भ्याले होते.

पाकळ्या जागच्या जागी होत्या.

मग माझ्या शेजारी कोणीतरी आलं. हे होते. त्यांनी शंभूपुढचं तीर्थाचं भांडं उचललं, पळी भरली आणि माझ्या ओंजळीत घातली. "पी," म्हणाले. मी प्यायले. "आणखी पी." त्यांना माहीत होतं, दोन महिने त्या एका गोष्टीशी ते झगडत होते. सुकलेलं तोंड कसं दिसतं हे त्या देवळात त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

माझा चेहरा ते बघत राहिले. मग हात पुढे केला.

"दी ती गोळी."

मला आधी कळलंच नाही. "अजून पाकळी पडाक नाय," शंभू म्हणाला.

"दी म्हणतंय मा?" हे माझ्यावर खेकसले. कित्येक दिवसांत खेकसले नव्हते. मी गाठ सोडायला गेले, बोटं चालेनात, त्यांनीच पदर ओढून गाठ सोडवली, गोळी काढली, जिभेवर ठेवली, पळीभर तीर्थ घेतलं आणि गिळली. घोट उतरताना गळ्याची घाटी वर खाली झाली, मी स्पष्ट पाहिली. त्या वेळी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवरच्या पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

त्यानंतर, माझा प्रश्न अर्धाच राहिलेला आणि आम्ही सगळे हात जोडायचे विसरून उभे असताना, उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवो!" नारायण ओरडला. "उजवो दिल्यान! बुवा, उजवो!" त्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. शंभूने पाकळी उचलून ह्यांच्या हातात दिली, ह्यांनी ती डोळ्यांना लावली. अंधार पडायच्या आत गावभर झालं की देवीने बाबलीबुवांना गोळी घ्यायला सांगितलं, प्रत्यक्ष उजवा कौल दिला. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. फार तर "वयनी पण होती थंय" एवढं.

सप्ताहात हे गायले. शेजारी तांब्या ठेवला होता, साईशने मोठा, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. आलापाच्या मध्ये थांबून घोट घ्यायचे, पुन्हा उचलायचे. आवाज पूर्वीचा नव्हता. वरच्या जागा खरखरीत लागत होत्या, भैरवीत एकदा तर चक्क तुटला. पण लोक थांबले, पाणी पिऊन होईपर्यंत थांबले, आणि कोणी काही म्हटलं नाही. देवीने परवानगी दिलेली गोळी, मग देवीने परवानगी दिलेला तांब्या. पुढच्या महिन्यात डॉक्टर कोमलने ती गोळी थोडी थोडी उतरवायला घेतली, दुसरी चालू करून. बघू.

पण हे काही सुधारले असं नाही. अजून जो येतो त्याला बाल्कांवात बसवून प्रसादाची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी पाकळी जरा आधी पडते. परवा तर मी चहा घेऊन बाहेर आले तो ऐकलं, "पाकळी पडली, तेव्हा मी गोळी गिळलंय." पाहुणा गेल्यावर मी कप उचलता उचलता म्हटलं, "फटी कित्याक मारतात? गोळी आधी गिळलात. पाकळी मागसून पडली."

"ता म्हायत आसा माका," हे म्हणाले.

"देवीक पण म्हायत आसा."

"तिका आसा."

"मगे लोकांक खरा कित्याक सांगणात नाय?"

वाटेवर पदेराचा भोंपू वाजत होता, त्या दिवशी वेळेवर. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय सांगू लोकांक? बायलेचा तोंड सुकलेला बघूक जमाक नाय, म्हणान गिळलंय?"

मी कप घेऊन आत गेले. सहा वाजता गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले, तर हात आधीच पुढे केलेला होता.